देगलूरकडं युरेनियम असू शकतं का?

देगलूरचा: आमच्या रानात काळा खडक नाही, गुलाबी ग्रॅनाइट निघतो. गावात एक एजंट म्हणतो खाली युरेनियम हाय. खरं का राव?

दगडधोंडे: ग्रॅनाइटमध्ये युरेनियम सरासरी ४ पीपीएमच्या (दहा लाख भागांत ४) आसपास असतंच, बाकी मराठवाड्यातल्या काळ्या बेसॉल्टमध्ये १ पण भरत नाही. पण तेवढ्यानं खाण होत नसते, पाण्यानं ते विरघळून फॉल्टजवळ (खडक जिथं तुटून सरकलाय तिथं), भेगांत साचावं लागतं, कर्नाटकात यादगीरकडं गोगीला तसंच फॉल्टलगत चुनखडीत अन् ग्रॅनाइटमध्ये सापडलंय. म्हणून आधी फॉल्ट शोधतात, विहिरींचं पाणी तपासतात.

लातूरवाला: मग आमच्या किल्लारीखाली?

दगडधोंडे: १९९३ च्या भूकंपानंतर तिथं बोअर मारलं तर ३३८ मीटर बेसॉल्ट संपल्यावर जुना ग्रॅनाइटी खडक लागला. एवढ्या खाली कोण शोधतंय!

देगलूरचा: पण त्या एजंटचं किरणोत्सर्ग मोजायचं गायगर मशीन आमच्या दगडावर लई टिकटिक करतंय

दगडधोंडे: करणारच की, पोटॅशियम अन् थोरियमवर पण वाजतं ते. किरणांवरून मूलद्रव्य ओळखणाऱ्या गॅमा स्पेक्ट्रोमीटरनं तिन्ही वेगळे काढावे लागतात. अन् युरेनियम शोधायचं काम अणुऊर्जा खात्याचं, एजंटचं नाही. इसार घेतला नाही ना त्याच्याकडून?