बेरेटा ९२ एफएस की ग्लॉक १९? मदत हवी आहे

मंडळी, टेक्सासवाल्यांना विशेष विचारतोय. शूटिंग रेंजवर नेमबाजीसाठी ९ एमएम पिस्तूल घ्यायचंय आणि मन अडकलंय बेरेटा ९२ एफएसवर, म्हणजे १९८५ ला अमेरिकन आर्मीने एम९ म्हणून निवडलेल्या ९२ एफचंच सुधारित रूप. भाड्याने चालवून बघितलं, वजनदार असल्याने झटका एकदम कमी, पण पहिल्या गोळीचा डबल ॲक्शन ट्रिगर (जो हॅमर मागे खेचून मग सोडतो) जाम लांब आणि जड, शिवाय सेफ्टीची कळ स्लाइडवरच (म्हणजे वरच्या सरकत्या भागावर), त्यामुळे स्लाइड ओढताना हात लागून चुकून खाली जाते आणि सेफ्टी लागते. मित्र म्हणतो ग्लॉक घे, दिसायला ठोकळा पण कटकट नाही. (आर्मीने पण २०१७ ला बेरेटाच्या जागी सिग कंपनीचं पिस्तूल निवडलं म्हणा.) जुन्या बेरेटावाल्यांनो, लॉकिंग ब्लॉक (गोळी सुटताना नळी आणि स्लाइड जोडून ठेवणारा तुकडा) खरंच तुटतो का? किती राउंडनंतर, म्हणजे किती गोळ्या झाडल्यावर बदललात? आणि गोळ्या भरायची मॅगझिन कंपनीचीच घ्यावीत का?