पंपहाऊसचं रिमोट मॉनिटरिंग: पातळी उणे १.२५ मीटर, दोन एनर्जी मीटर अधूनमधून गायब

पंपहाऊस_चाकण:
चाकणच्या युनिटमध्ये पंपहाऊसला ४जी गेटवे (रीडिंग मोबाइल नेटवर्कवरून पाठवणारा डबा) बसवलाय. आरएस-४८५ (तारेची डेटा लाइन) वर चार एनर्जी मीटर, ९६०० बॉड (लाइनचा वेग), ८एन१ फॉर्मॅट, एकूण केबल १८० मीटर. टाकीत ०-५ मीटरचा हायड्रोस्टॅटिक लेव्हल ट्रान्समीटर (पाण्याच्या दाबावरून पातळी सांगणारा सेन्सर), ४-२० मिलिअँप: रिकाम्याला ४, पूर्णला २०. अडचणी चार. ३७ किलोवॅटचा व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) चालू झाला की मीटर ३ आणि ४ टाइमआउट देतात (वेळेत उत्तर देत नाहीत). व्होल्टेज सगळ्याच मीटरवर शून्याच्या आसपास दिसतं, मीटरच्या डिस्प्लेवर मात्र २३० बरोबर. पातळी मधूनच -१.२५ वर जाते. आणि सिमचा आयपी १० ने सुरू होतो, बाहेरून उघडत नाही. सप्लायर म्हणतो स्टॅटिक (न बदलणारा) आयपी घ्या आणि मॉडबसचा (मीटर आणि गेटवे ज्या भाषेत बोलतात तिचा) ५०२ पोर्ट उघडा. कुठून सुरुवात करू?

लूपवाला:
पातळीपासून करा, कारण तुमच्या आकड्यातच उत्तर आहे. (०-४)÷१६×५ = -१.२५. म्हणजे गेटवेला बरोब्बर शून्य मिलिअँप मिळतोय. टाकी रिकामी असती तर ४ मिलिअँप येऊन ० मीटर दिसलं असतं. लूप (करंटचं सर्किट) मधेच तुटतोय, स्केलिंगला (मिलिअँपवरून पातळी काढायच्या सेटिंगला) हात लावू नका.

बिघाड चालू असताना ट्रान्समीटरच्या दोन टोकांवर डीसी व्होल्टेज मोजा. पूर्ण २४ व्होल्ट आले तर ट्रान्समीटर आतून ओपन. काहीच नाही आलं तर फ्यूज, सैल फेरूल (वायरच्या टोकाची टोपी) किंवा टाकीवरच्या जंक्शन बॉक्समधला जोड. बहुतेक वेळा जोडच निघतो, तिथं पाणी शिरलेलं असतं.

बॉक्स उघडलाच आहे तर केबलमधली बारीक हवेची नळी पाहून घ्या. ती कोरड्या बॉक्समध्ये मोकळी सुटायला हवी. वायरमन चांगल्या हेतूने सिलिकॉन भरून ती बुजवतात. मग बाहेर हवेचा दाब ५ हेक्टोपास्कलने उतरला की पाणी तेवढंच असूनही पातळी ५ सेंमी कमी दिसते. पावसाळ्यात असा दाब उतरणं नेहमीचंच. आणि गेटवेत ३.६ मिलिअँपच्या खाली 'सेन्सर फॉल्ट' असा अलार्म लावा, नाहीतर एखाद्या दिवशी ऑटो लॉजिक टाकी रिकामी समजून पंप चालू ठेवील.

तांब्याची_तार:
व्होल्टेजचं: ३२ बिट फ्लोट (दशांश आकडा) दोन रजिस्टरमध्ये (मीटरमधल्या १६ बिटांच्या कप्प्यांत) येतो. २३० म्हणजे हेक्समध्ये ४३६६ ००००. शब्द (म्हणजे ही दोन रजिस्टर) उलटे वाचले की ०००० ४३६६, तो आकडा इतका बारीक की स्क्रीनवर शून्यच. गेटवेत वर्ड स्वॅप करा. तरी जमलं नाही तर रजिस्टरचा पत्ता एकाने सरकवून बघा. मॅन्युअलमधलं ४०००१ प्रत्यक्ष फ्रेममध्ये (लाइनवर जाणाऱ्या संदेशात) ० असतं.

टाइमआउट ड्राइव्हसोबतच येतो, तेव्हा बॉड कमी करत बसू नका. १८० मीटर ९६०० ला काहीच नाही. गेटवे आणि सगळे मीटर बंद करा, लाइनवर ए आणि बी मध्ये ओहम मोजा. साधारण ६० हवेत, म्हणजे दोन्ही टोकांना १२०-१२० चे टर्मिनेशन रेझिस्टर. १२० आले तर एकच रेझिस्टर लागलाय, ४० आले तर तीन. केबल एका मीटरवरून दुसऱ्यावर अशीच ओढलेली हवी, मधेच टी मारून फाटा काढलेला चालत नाही. शील्ड पॅनेलच्या एकाच टोकाला अर्थ करा. ए-बी सोबत तिसरी कॉमन वायर न्या, ती बरेच जण गाळतात. मोटरच्या केबलपासून निदान ३०० मिमी लांब. ओलांडायचीच असेल तर काटकोनात. एकाच ट्रेमधून दोन्ही गेल्या असतील तर बाकी सगळं करूनही फारसा फरक पडणार नाही.

रात्रपाळी:
५०२ उघडू नका. मॉडबस टीसीपीत (नेटवर्कवरच्या मॉडबसमध्ये) पासवर्ड नावाची गोष्टच नाही. पोर्ट सापडलं की कोणीही रजिस्टर लिहू शकतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातल्या अलिक्विपा इथल्या पाणीपुरवठ्याचा पीएलसी (यंत्रणा चालवणारा कंट्रोलर) हॅक झाला. त्या हल्ल्यांनंतर निघालेल्या सरकारी इशाऱ्यात इंटरनेटवर उघडं यंत्र आणि कारखान्यातून आलेला ११११ पासवर्ड याच गोष्टींवर बोट होतं.

१० चा आयपी म्हणजे मोबाइल कंपनीच्या नॅटमागचा (तिच्या आतल्या नेटवर्कमधला), बाहेरून तो उघडणारच नाही. आणि गरजही नाही: गेटवेने स्वतःहून बाहेर जोडायचं. डेटासाठी एमक्यूटीटी (छोटे संदेश पाठवायची पद्धत), टीएलएससह (एन्क्रिप्शन) ८८८३ पोर्टवर. सेटिंग बदलायला व्हीपीएन. सिम १३ अंकी एमटूएम (यंत्रांसाठीचं) घ्या. जिओचं घेणार असाल तर गेटवेचं मोडेम खरंच ४जी आहे ना बघा, त्यांच्याकडे २जी नाही. अँटेना पत्र्याच्या पॅनेलच्या बाहेर.

गुरुवारी देखभालीसाठी लाइट गेली की गेटवेही झोपतो. तो ६ वॅट घेत असेल तर १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी सात-आठ तास काढते. रीडिंगवर वेळेचा शिक्का गेटवेनेच मारावा. सर्व्हरने मारला तर नेटवर्क परत आल्यावर साठलेली सगळी रीडिंग एकाच मिनिटाची दिसतात.

पंपहाऊस_चाकण:
ओहम मोजले: ४०. मीटर २ च्या आतला टर्मिनेशनचा डीआयपी स्विच चालू होता. बंद केल्यावर ५९. मीटर ३ आता ड्राइव्ह चालू असतानाही नीट येतोय, ४ अजून अधूनमधून जातो.

तांब्याची_तार:
३ ते ४ मधला तुकडा कुठल्या ट्रेमधून गेलाय ते बघा.