'हवा कोरडी राहील' म्हणजे नेमकं काय? वणव्याच्या हवामानासाठी मराठी शब्द

मी दक्षिण कॅलिफोर्नियात, सॅन गॅब्रिएल डोंगरांच्या पायथ्याशी राहतो. आई-बाबा साताऱ्याहून काही महिन्यांसाठी आलेत. परवा इथल्या हवामान खात्याचा पुढच्या चार दिवसांचा अंदाज मी त्यांना मराठीत सांगितला : "गुरुवारपासून हवा गरम आणि कोरडी, वादळी वारे, आगीचा धोका." आई म्हणाली, "कोरडी ना? मग गोधड्या धुऊन घेते." बाबांनी विचारलं, "वादळ म्हणजे पाऊस आलाच. मग आग कशी लागेल?" दोघांचंही चुकलं नव्हतं. माझे शब्द चुकले होते. 'वादळी वारे' म्हणालो तो खरं तर इथला 'सांता आना', डोंगरांवरून समुद्राकडे सुटणारा कोरडा वारा. त्यालाही मराठी नाव हवंय.

आपल्याकडे 'हवामान कोरडे राहील' याचा अर्थ पाऊस पडणार नाही, इतकाच. मुंबईत घामाच्या धारा लागलेल्या असल्या तरी अंदाजात हवामान कोरडंच असतं. इथे कोरडं म्हणजे हवेत ओल नाही. सापेक्ष आर्द्रता १५ टक्क्यांच्या खाली, वाऱ्याचे झोत ताशी ३५ मैलांच्या (सुमारे ५६ किलोमीटरच्या) वर, आणि ही स्थिती काही तास टिकणार असेल, तर आमच्या भागात 'रेड फ्लॅग वॉर्निंग', म्हणजे वणवा भडकण्याचा इशारा, निघते. त्याच्या एकदोन दिवस आधी 'वॉच' येतो, त्याला 'पूर्वसूचना' चालून जाईल. पण 'रेड फ्लॅग'चं काय करायचं? 'लाल बावटा' म्हटलं की बाबांना गिरणी कामगारांचे मोर्चे आठवतात.

आणखी एक शब्द मला जास्त छळतो : 'कंटेन्ड'. ७ जानेवारी २०२५ला लॉस एंजेलिस परिसरातल्या पॅसिफिक पॅलिसेड्स आणि आल्टाडेना या वस्त्या पेटल्या, तेव्हा गावाकडून फोन येत होते, "एवढे टक्के आटोक्यात आली म्हणे, म्हणजे तेवढी विझली ना?" नाही. तेवढ्या टक्के सीमेवर आग पुढे सरकणार नाही अशी रेषा तयार झाली, एवढाच त्याचा अर्थ. आत ती जळत असू शकते. दोन्ही आगींची ही रेषा पुरी झाली ती ३१ जानेवारीला. 'आटोक्यात' या शब्दाने माणूस निर्धास्त होतो, आणि इथे निर्धास्त होऊन चालत नाही. जाणकारांनी मदत करावी.

प्रतिसाद (पुणे)

मी भूगोल शिकवायचे. तुमचा तो सांता आना वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो, म्हणून पहिल्यांदा 'मतलई वारा' सुचला. पण मतलई वारा रात्रीचा, हलका. त्याच्या आधाराने होड्या बाहेर पडतात. इतक्या सौम्य शब्दावर हे ओझं टाकू नये.

नाव ठेवायचंच तर त्याच्या स्वभावावरून ठेवा. नेवाडा-युटाच्या उंच पठारावर थंड, जड हवा साचते, तिचा दाब वाढतो आणि ती खिंडींमधून समुद्राकडे कोसळते. खाली उतरताना ती दाबली जाते आणि दर किलोमीटरला जवळपास १० अंशांनी तापते. सायकलला हवा भरताना पंपाचं टोक गरम होतं, तसंच. बाष्प मुळातच थोडं, त्यात तापमान वाढलं, म्हणून सापेक्ष आर्द्रता धाडकन खाली येते. पुष्कळांना वाटतं की वाळवंट तापलेलं असतं म्हणून वारा तापतो. तसं असतं तर तो जानेवारीत इतका सुका का लागला असता? म्हणून मी 'उतरणीचा सुका वारा' म्हणेन. 'वादळी' मात्र काढून टाका, त्यात ढग आणि गडगडाट येतो. निरभ्र आकाशाखाली सुटतो तो सोसाट्याचा वारा.

प्रतिसाद (रत्नागिरी)

बावट्याचा प्रश्न आमच्या बंदरांनी केव्हाच सोडवलाय. समुद्र खवळणार असला की पेपरात येतं, 'बंदरावर तीन नंबरचा बावटा'. तुम्ही 'धोक्याचा बावटा' म्हणा, लाल म्हणायची गरजच नाही. बावटा लागला म्हणजे होडी बाहेर काढायची नाही, हे इथे पोरालाही कळतं. शब्दाबरोबर काय करायचं तेही कळलं पाहिजे.

तुमचा वारा आम्हाला अगदी परका नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये पूर्वेकडून, घाटावरून वारा सुटतो, खारा वारा दुपारी उशिरापर्यंत येत नाही आणि किनाऱ्यावर असूनही पारा ३८-३९ वर जातो. गवत चुरचुरतं. त्याच दिवसांत काजूच्या बागा जळतात. गोव्यात म्हादईच्या अभयारण्यात आगी लागल्या त्याही मार्चमध्येच, २०२३ साली.

प्रतिसाद (चंद्रपूर)

वनखात्यात नोकरी झाली, म्हणून 'कंटेन्ड'बद्दल लिहितो. आमच्याकडे आग अडवायला जो पट्टा साफ करतात त्याला 'जाळरेषा' म्हणतात. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आमचा वणव्याचा हंगाम, त्याच्या आधी जाळरेषा झाल्या पाहिजेत. हंगामात पाळतीला मजूर ठेवतात, ते 'अंगारी'. हे दोन्ही शब्द कोणी कार्यालयात बसून घडवल्यासारखे वाटत नाहीत, म्हणून टिकलेत. कागदोपत्री 'अग्निसंरक्षक मजूर' लिहिलं तरी हाक 'अंगारी' अशीच मारतात.

आम्ही वायरलेसवर 'आग आटोक्यात' असं लवकर सांगत नसू. 'आग घेरली' म्हणायचो. घेरली म्हणजे चारी बाजूंनी रेषा झाली. विझली म्हणजे राखेत हात घालून पाहिलं. या दोन गोष्टींमध्ये कधीकधी दोन रात्री जायच्या, कारण पडलेलं लाकूड आतून धुमसत राहतं आणि दुपारी वारा आला की पुन्हा तोंड काढतं. तेव्हा '३० टक्के घेरली' म्हणा, ऐकणारा आपोआप विचारेल, बाकीच्या ७० टक्क्यांचं काय?

पण 'वणवा' शब्दाचाही विचार करा. आमचा वणवा बहुतेक पाचोळ्यातून जमिनीलगत चालतो. मोहफुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून पेटवतात, आणि ती आग सुटते. हिरव्या फांद्यांनी झोडपून आम्ही ती मारलेली आहे. ताशी शंभर किलोमीटरच्या वाऱ्यात घरामागून घर घेणारी आग माणूस फांदीने मारू शकत नाही. 'वणवा' ऐकून तुमच्या वडिलांना साताऱ्याच्या डोंगरावरची रात्रीची नागमोडी रेघ दिसणार आणि ती लांबच वाटणार.

प्रतिसाद (नागपूर)

जाता जाता एक भर. अमरकोशात 'दव' आणि 'दाव' हे शब्द वन आणि वनातली आग या दोन्ही अर्थांनी दिले आहेत, 'दावानल' त्यातलाच. 'वनदव'वरून 'वणवा' झाला असं मानायला मला अडचण वाटत नाही. मराठीत मात्र 'दव' म्हणजे पहाटेची ओल. हवामानशास्त्रातला 'दवबिंदू' (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं दव होऊ लागतं ते) खूप खाली गेला की आग भडकायची भीती वाढते. एकच अक्षरजोडी, एकीकडे पाणी आणि दुसरीकडे आग. अंदाज सांगताना 'पहाटे दवसुद्धा पडणार नाही' असं सांगून पाहा. शेतकरी घरातल्या माणसांना टक्केवारीपेक्षा ते लवकर समजेल.

मूळ लेखक

सगळ्यांचे मनापासून आभार. आज सकाळी अंदाज नव्याने सांगितला : "उद्या रात्रीपासून डोंगरावरून सुका वारा सोसाट्याने सुटणार आहे. हवेत ओल नसेल, पहाटे दवसुद्धा पडणार नाही. धोक्याचा बावटा लागलाय." यावेळी कोणी पावसाचं विचारलं नाही. आईने थोडा वेळ विचार केला आणि म्हणाली, "मग तुळशीपाशी दिवा बाहेर नको, आतच लावते." बाबांनी पासपोर्ट आणि औषधांची पिशवी गाडीत नेऊन ठेवली.

'वणवा' ठेवावा की नाही, हे अजून ठरत नाहीये. चंद्रपूरच्या काकांचं म्हणणं पटतं, पण 'आग' फारच मोघम वाटतो. सध्या 'वाऱ्यावरची आग' म्हणतोय.

आल्टाडेनात घरं पेटली ती बरीचशी दुरून उडत आलेल्या जळत्या तुकड्यांनी. छपराच्या फटीतून, जाळीतून ते आत शिरले. त्यांना मी 'ठिणग्या' म्हणत होतो. काल त्या रात्रीची चित्रफीत आईला दाखवली, तेव्हा ती म्हणाली, "ह्या काय ठिणग्या आहेत? ठिणगी हवेतच विझते. ही कोलितं आहेत." चुलीतलं जळतं लाकूड उचलून शेजारच्या चुलीत नेतात, तेच कोलीत. मला यापेक्षा नेमका शब्द सुचत नाही. कोणाकडे असला तर सांगा.