दारूचं परमिट असलं तर पिऊन गाडी चालवता येते का? (बडोदा)

दांडियाबाजारकर
डिसेंबरात मुलीचं लग्न आहे, इथेच बडोद्यात. नाशिकहून थोरल्या ताईचे यजमान येतायत, स्वतःची गाडी घेऊन. भाऊजी माणूस सोन्यासारखे, पण संध्याकाळी दोन पेग लागतातच. फोनवर म्हणाले, "बाहेरगावच्यांना परमिट मिळतं ना तुमच्याकडे? हॉटेलातच काढतो. थोडं बसेन, मग रात्री तुझ्याकडे गाडीनं येईन. परमिट हातात असल्यावर पोलीस काय करणार?" मानाचे पाहुणे, मी काय बोलणार? उतरणार अलकापुरीत, आमचं घर दांडिया बाजारात, आणि वर्षअखेरीला नाक्यानाक्यावर दारू तपासायच्या यंत्रात फुंकायला लावतात. पकडलं तर नुसता मेमो (दंडाची पावती) फाटतो की आणखी काही? जाणकारांनी सांगावं.

सुरसागर_काठ
परमिट असेल तर काही होत नाही. माझ्या मित्राला सोडलं होतं.

रावपुऱ्याचा वकील
वरचं वाचून कोणी चाव्या उचलू नका. मित्राला का सोडलं ते त्याला आणि त्या जमादारालाच ठाऊक.

दांडियाबाजारकर, तुमच्या भाऊजींना दोन वेगळे कायदे लागतात आणि ते एकच धरून चाललेत. एक आपला गुजरातचा दारूबंदीचा, 1949 चा. परमिट त्या कायद्यापुरतं: प्यायलात म्हणून गुन्हा नाही, एवढंच ते सांगतं. दुसरा 1988 चा मोटार वाहन कायदा, तो नाशकात जो आहे तोच इथे. त्याच्या कलम 185 मध्ये परमिटचा शब्दही नाही. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल निघालं आणि तुम्ही स्टिअरिंगवर असलात, की गुन्हा झाला.

गंमत अशी की दारूबंदी कायद्यात आकडा वेगळा आहे. तिथे रक्तात 0.05 टक्के, म्हणजे 50 मिलिग्रॅम गाठलं, की कोर्ट धरून चालतं की हा प्यायला आहे, आणि तसं नाही हे आरोपीनं सिद्ध करायचं. म्हणजे 40 आलेला माणूस त्या कलमातल्या गृहीतकातून सुटेल, पण गाडीच्या कलमात सापडेल. लोक नेमके इथेच फसतात.

मेमोचं म्हणाल, तर रस्त्यावर पैसे भरून मिटणाऱ्या गुन्ह्यांची यादी कलम 200 मध्ये आहे. त्यात 185 नाही. कोर्टातच जावं लागतं. सप्टेंबर 2019 पासून पहिल्या वेळेला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 15,000 दंड किंवा दोन्ही. शिवाय दोषी ठरल्यावर लायसन्स किमान सहा महिने जातं. पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात, मात्र दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली नाही तर सोडावं लागतं. "मी फुंकणारच नाही" म्हणणाऱ्यांसाठीही कलम आहे, 205. सबळ कारण नसताना दिलेला नकार तुमच्याच विरुद्ध धरला जातो.

आणि हो, प्यायलेला आहे हे माहीत असून गाडी चालवायला भरीस घालणाराही कलम 188 खाली येतो. "जाऊ द्या हो, जवळच तर आहे" म्हणणारे यजमान म्हणजे तुम्हीच!

वाघोडियावाला
विम्याचं पण सांगा ना.

रावपुऱ्याचा वकील
नशेत गाडी ठोकली तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा बुडाला समजा. पर्ल बेव्हरेजेसच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं 2021 मध्ये सांगितलं की फुंकणीचा आकडा नसला तरी बाकी पुराव्यावरून विमा कंपनी दावा नाकारू शकते. गाडी पोर्शे होती.

कारेलीबागची काकू
दारूचं झालं. पण झोपेची गोळी, गांजा, होळीची भांग यांना ही फुंकणी कळते का?

रावपुऱ्याचा वकील
नाही काकू, ती फक्त अल्कोहोल पकडते. बाकी नशेला कायद्यात 30 सारखा आकडा नाही. "गाडीवर नीट ताबा ठेवता येणार नाही इतकी नशा" असे शब्द आहेत. त्यामुळे डॉक्टरांची तपासणी आणि रक्ताचा नमुना यांवर सगळं उभं असतं. डॉक्टरांनी दिलेली गोळी म्हणून आपोआप सूट मिळत नाही.

दांडियाबाजारकर
वकीलसाहेब, फार आभार. ताईला वाचून दाखवलं. भाऊजींनी लगेच नवीन तोडगा काढला: रात्री तिथेच झोपतो, सकाळी सहाला निघून मुहूर्ताला पोचतो. शिवाय "तुमच्याकडे महाग असते, मी डिकीत दोन बाटल्या टाकून आणतो."

रावपुऱ्याचा वकील
सकाळचा हिशेब करा. 100 मिलिलिटर रक्तातलं अल्कोहोल शरीर तासाला साधारण 15 मिलिग्रॅमनं उतरवतं. रात्री एकला 120 असेल, तर सहाला 45 उरतात. लिंबूपाणी, कॉफी, गार पाण्याची आंघोळ, कशानंही हा वेग वाढत नाही. मुहूर्ताच्या गाडीला भाचा किंवा ड्रायव्हर ठेवा. चालवणारा शुद्धीत असेल आणि भाऊजी परमिट नि बिल खिशात ठेवून मागे बसले असतील, तर हरकत नाही.

बाटल्यांचं मात्र आजच फोन करून सांगा. गुजरातेत बाहेरून दारू आणणं हा प्यायल्यापेक्षा कितीतरी मोठा गुन्हा आहे. 2017 च्या दुरुस्तीनंतर दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, आणि गाडीही जप्त होते. हॉटेलात काढलेलं परमिट नाशिकच्या बाटलीला चालत नाही. सापुतारा उतरल्यावर चेकपोस्टवर डिकी उघडायला लावली, तर तुम्ही इथे मांडवात आणि ते तिकडे ठाण्यात.

दांडियाबाजारकर
फोन केला. ताईनं घेतला. म्हणाली, "डिकीत आता लाडवांचे डबे ठेवते, जागाच उरणार नाही."