कुत्र्यासाठी बाहेर केनल (त्याचं छोटं घर) आणि रन (भोवतीचं जाळीचं मोकळं आवार) करायचंय, तयार घ्यावं की बांधून घ्यावं?

अंगणातली_चिमणी

नमस्कार मंडळी, आमच्याकडे दीड वर्षाचा लॅब्राडोर मिक्स आहे, ब्राउनी, वजन २८ किलो, खांद्यापाशी उंची २२ इंच. रात्री घरातच झोपतो आणि पुढेही घरातच झोपणार, पण दिवसाचे चार-पाच तास आम्ही दोघंही कामाला असतो तेव्हा त्याला आत कोंडून ठेवायचं मनाला पटत नाही. अंगणात बरीच जागा मोकळी आहे, तिथे जाळीचं रन आणि आत एक केनल असा विचार चाललाय. प्लास्टिकचं तयार केनल बघितलं, हलकं आहे, धुवायलाही सोपं, पण हात लावला तर उन्हात तापलेलं होतं. सासरे म्हणतात विटांचं बांध, वर पत्रा टाक, कायमचं काम होईल. नवरा म्हणतो लाकडाचं. ब्राउनी खणतो भयंकर, कुंडीतलं रोपसुद्धा टिकू देत नाही. केनल कुंपणाला लागून कोपऱ्यात ठेवायचं आम्ही म्हणतोय म्हणजे मधली जागा मोकळी राहील. ज्यांनी केलंय त्यांनी प्लीज सांगा, एकदा बांधलं की परत तोडायची ताकद नाही आमच्यात.

रंधा_आणि_करवत

मी दोनदा बांधलंय, पहिलं चुकलं म्हणून दुसरं. पहिलं इतकं मोठं केलं होतं की आत मी स्वतः बसू शकत होतो, वाटलं मोठं म्हणजे चांगलं. थंडीत आमची मोती आत जाऊनही कुडकुडायची कारण कुत्र्याच्या अंगाच्या उबेनेच ती खोली गरम व्हायची असते आणि एवढी पोकळी तिच्याच्याने गरम होईना. तेव्हा ब्राउनी कुशीवर पाय ताणून गाढ झोपलेला असताना टेप घ्या, लांबी-रुंदी मोजा, दोन्हीकडे वीतभर वाढवा, तेवढी खोली. उंची म्हणजे तो उभा राहिल्यावर डोक्याच्या वर चार-सहा इंच. दार खांद्याच्या उंचीपेक्षा थोडं कमी चालतं, मान खाली घालून जातात ते सहज, तुमच्या मापाला १८ इंच पुरे. आणि दार मधोमध नको, एका बाजूला सरकवून ठेवा म्हणजे वारा आणि पावसाची झड सरळ त्याच्या अंथरुणावर येणार नाही.

जमिनीवर टेकवू नका काहीही झालं तरी. चार पाय लावून ४ इंच तरी उचला, खालून हवा खेळली की फळ्या कुजत नाहीत आणि ओल वर चढत नाही. छताला मागच्या बाजूला उतार म्हणजे पागोळ्या दारात पडणार नाहीत, आणि छत बिजागरीवर उघडणारं करा. हे मी पहिल्यात केलं नव्हतं, साफ करायला मला दारातून अर्धं अंग आत घालावं लागायचं आणि मग आपोआप आठवड्याचं काम महिन्यावर गेलं, त्याचा त्रास मोतीला झाला. लाकूड जुनं कुठून आणणार असाल तर एक बघा, काळं क्रिओसोट (डांबरी तेल) लावलेलं नको आणि कीड लागू नये म्हणून औषध मारलेलं जुनं लाकूडही नको, त्यात आर्सेनिक असू शकतं आणि ही पोरं कडा चावतात. दाराच्या कडेला पातळ अँगलपट्टी ठोका, चावणं तिथेच थांबतं.

अंथरायला जुन्या गोधड्या घालू नका, एकदा भिजल्या की दिवसभर ओल्याच राहतात आणि तो त्याच ओलीत बसतो. कोरडा पेंढा बरा, नाहीतर फ्रेमवर ताणलेली जाळीची उचललेली बाज, तीही झकास.

ठिणगी

फॅब्रिकेशनचं काम करतो म्हणून फक्त रनबद्दल लिहितो. कोंबड्यांची षटकोनी जाळी कुणी सांगितली तर ऐकू नका, २८ किलोचा कुत्रा ती दाताने उसवतो. वेल्डेड जाळी घ्या, २ इंचाचा चौकोन, १० गेज म्हणजे तार सव्वातीन मिलीमीटर. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते हे लक्षात ठेवा, १४ गेज स्वस्त पडते म्हणून गळ्यात मारतात, ती फक्त २ मिलीमीटरची असते. लहान पिल्लू आणणार असाल तर चौकोन १ इंचाचा करा, डोकं अडकतं.

जाळी फ्रेमच्या आतल्या बाजूने मारायला सांगा. बरेच जण बाहेरून मारतात, दिसायला तीच छान दिसते. पण कुत्रा जाळीवर उड्या घेतो तेव्हा बाहेरून मारलेल्या जाळीचे टाके एकेक करून सुटत जातात, आतून मारली असेल तर तो जितका जोर लावेल तितकी ती फ्रेमवर दाबली जाते. कापलेली टोकं ग्राइंडरने घासून घ्या, आणि मग स्वतः हात फिरवून बघा सगळीकडे, तुमच्या हाताला टोचलं तर त्याच्या नाकाला टोचणारच. वेल्डिंग केलं तिथलं गॅल्वनायझिंग (जस्ताचा थर) जळतं, तिथे प्राइमर मारला नाही तर गंज तिथूनच सुरू.

खणणाऱ्याला उपाय एकच, कुंपणाच्या पायथ्याशी आतल्या बाजूला दीड-दोन फूट जाळी आडवी टाकायची, उभ्या जाळीला नीट बांधायची, वर फरश्या. तो खणतो ते कुंपणाला चिकटूनच, दोन फूट मागे येऊन खणावं हे त्याला सुचत नाही. दार आत उघडणारं करा म्हणजे तो आतून ढकलेल तेव्हा दार चौकटीवरच दाबलं जाईल. कडी नाकाने उचलता येईल अशी नको, पण आतून माणसाला उघडता येईल अशी हवी, मी स्वतः एका ठिकाणी पाऊण तास आत अडकलो होतो.

आणि ताई, केनल कुंपणाला लागून ठेवायचं म्हणताय ते आत्ताच बदला. केनलचं छत म्हणजे त्याची पायरी. छतावर चढला की ६ फुटाचं कुंपण त्याला ३ फुटाचं राहतं. कुंपणापासून चांगलं ५-६ फूट लांब घ्या.

सावलीची_जागा

सासऱ्यांना माझा हा अनुभव वाचून दाखवा. आम्ही विटांचं बांधलं आणि वर साधा पत्रा टाकला, सकाळी सावली असायची म्हणून जागा योग्य वाटली. दुपारी सावली सरकून जाते हे आम्ही कधी बघितलंच नव्हतं कारण दुपारी घरी कुणी नसायचं. एक दिवस मी लवकर परत आले तेव्हा आमचा कुत्रा दारातच पडलेला, जीभ पूर्ण बाहेर, रुंद झालेली, लाळ चिकट दोरीसारखी, हिरड्या गर्द लाल, हाक मारली तर डोळे फिरवून माझ्याकडे बघितलंही नाही. नळाचं साधं पाणी पाइपने पोटावर, मांड्यांत, पंजांवर सोडलं, टेबलफॅन लावला, मग डॉक्टरकडे नेलं, तिथे ताप १०६ निघाला. कुत्र्याचं नॉर्मल १०१ ते १०२.५ असतं. वाचला तो, पण तो दिवस मी विसरू शकत नाही. डॉक्टरांनी हेच सांगितलं की आधी जागेवरच गार करायला सुरुवात केली ते बरं केलं, नुसतं गाडीत घालून पळत आला असतात तर उशीर झाला असता.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच गार होतो, आणि कोंदट जागेत धापा टाकून काही उपयोग होत नाही. म्हणून पत्रा टाकायचाच असेल तर त्याखाली ६ इंच जागा सोडून दुसरं छत घ्या, मधून हवा वाहू द्या, वरून पांढरा रंग द्या. समोरासमोर वर झरोके ठेवा. बांधायच्या आधी एक सुट्टीचा दिवस अंगणात काढा आणि सकाळी ९, दुपारी १२, ३ आणि ५ ला सावली कुठे आहे ते खडूने आखा. पाण्याची दोन भांडी, दोन वेगळ्या कोपऱ्यात, जड, एक उलटलं तरी दुसरं राहतं. पग, बुलडॉग अशी चपट्या नाकाची जात असेल तर हा विषयच सोडून द्या, त्यांना घरातच ठेवा.

अंगणातली_चिमणी

बापरे, वाचून पोटात गोळा आला. छताची पायरी होते हे तर डोक्यातच नव्हतं. आता जमीन कशी करू? कोबा की माती? आणि त्याला हे आवडेल का हीच धास्ती आहे.

पंजाचा_ठसा

नुसती माती चिखल होते आणि जंतांची अंडी तिच्यात टिकून राहतात. आमच्याकडे अर्ध्यात कोबा, अर्ध्यात गुळगुळीत गोटे आहेत. कोब्याला ढाळ द्यायला विसरू नका, फुटाला पाव इंच, निचरा एका बाजूला. कोब्यावरच दिवसभर लोळला तर कोपरांना घट्टे पडतात, म्हणून बाज हवीच.

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते गोचिडांचं. आम्ही कुत्र्याला औषध लावायचो, दोन आठवडे बरं वाटायचं, परत तेच. एका रात्री टॉर्च घेऊन केनल बघितलं तर छत आणि भिंत जिथे जुळते त्या बोटभर फटीत एकाला एक चिकटून करड्या मण्यांसारख्या बसल्या होत्या. रक्त पिऊन झालं की ही गोचीड कुत्र्यावरून उतरते, भिंत चढून फटीत जाते आणि तिथे हजारो अंडी घालते. काही न पिता महिनोन्महिने जगतेही. म्हणजे कुत्र्यावर जितकं लक्ष तितकंच फटींवर. प्रत्येक जोड पुटी किंवा सीलंटने बंद करा, विटा असतील तर आतून गुळगुळीत गिलावा.

धुताना आधी साबणाच्या पाण्याने मूत्र-घाण काढा, मग ब्लीच, एक भाग ब्लीचला ३२ भाग पाणी, दहा मिनिटं ठेवून भरपूर पाण्याने धुवायचं आणि पूर्ण वाळल्यावरच त्याला आत सोडायचं. मुतावर थेट ब्लीच ओतू नका, विषारी वाफ येते. फिनेल नकोच, पाय चाटतात ते.

सवयीचं म्हणाल तर पहिले आठ-दहा दिवस दार बंदच करू नका. जेवण तिथे द्या, तुमचा वापरलेला टीशर्ट आत ठेवा, तुम्ही स्वतः रनमध्ये चहा घेऊन बसा. मग पाच मिनिटं, मग पंधरा, मग तासभर. रागावून कधीच आत टाकू नका. केनलचं तोंड घराच्या दाराकडे हवं. रस्त्याकडची बाजू फळ्यांनी बंद केली की येणाऱ्याजाणाऱ्यावर भुंकणं बरंच कमी होतं, पण घर दिसायलाच हवं त्याला. आणि फिरायला नेणं बंद करू नका रन आहे म्हणून, सकाळ-संध्याकाळ तितकंच लागतं.

रंधा_आणि_करवत

गोचिडांचं अगदी बरोबर. एक राहिलं, रनमध्ये सोडताना साखळी काढा, गळपट्टाही सैल-लोंबता नको, जाळीत अडकून फास बसतो.

अंगणातली_चिमणी

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी सावली आखली खडूने, आम्ही ठरवलेल्या कोपऱ्यात दुपारी १ ते ४ कडक ऊन होतं! आता पेरूच्या झाडाखाली, कुंपणापासून ६ फूट लांब घेतोय. लाकडाचं, उघडणारं छत, सासऱ्यांनी स्वतःच म्हटलं की पत्रा नको आणि तेच सुताराशी बोलायला गेले. झोपलेल्या ब्राउनीचं माप घेतलं, ४१ इंच, टेप लावल्या लावल्या उठून टेपच चावली म्हणून दुसऱ्यांदा रात्री घेतलं. जाळी १० गेज सांगितली आहे, आतून मारायची हेही कागदावर लिहून दिलंय. बांधून झालं की फोटो टाकते.