काहिलीचं माप दुप्पट येतंय, चूक कुठं झाली?

गुऱ्हाळवाली (निपाणी भाग)

नमस्कार. गणित सोडून मला वीस वर्षं झाली, तेव्हा हसू नका.

आमचं वेदगंगेकाठी गुऱ्हाळ आहे, थोरले दीर बघतात. त्यांची मुलगी, म्हणजे माझी पुतणी, सातवीपर्यंत मराठी शाळेत होती. यंदा आठवीला कन्नड माध्यमात गेली. बाईंनी घरातली एखादी गोल वस्तू मोजून तिच्यात किती मावतं ते काढून आणायला सांगितलंय. बाकीच्या पोरी तांब्या, डबा, पिंप मोजतील. हिनं रस उकळायची काहील धरली!

टेप पुरेना, म्हणून काठाच्या खालून सुतळी गुंडाळली. परीघ ७५४ सेंमी भरला. म्हणजे व्यास २४०, त्रिज्या १२०. आतली खोली ४५. पाय (π) २२/७ धरून सूत्रात घातलं तर उत्तर २०३७ लिटर. माझ्या मुलानं ३.१४ घेतलं, त्याचं आलं २०३५. त्या दोन लिटरवरून दोघं सकाळपासून भांडताहेत, ते एक वेगळंच.

खरी अडचण पुढं आहे. परवा रसाचा पाइप फुटला, तेव्हा गड्यांनी एक आदण, म्हणजे काहिलीत एका वेळी उकळतात तेवढा रस, २० लिटरच्या कॅननं ओतलं. पुतणी काठाशी उभी राहून मोजत होती. ५३ कॅन बसले, म्हणजे १०६० लिटर. दीर म्हणतात, "तुझं पुस्तक खोटं, गडी खरे." पोरगी रडकुंडीला आलीय. सोमवारी वही द्यायची आहे.

आणखी एक. वहीत "विस्तीर्ण काढा" असं लिहिलंय. मला वाटलं, केवढं पसरलंय त्याचं वर्णन करायचंय. निघालं क्षेत्रफळ.

टिळकवाडीकर

सोप्पं आहे की ओ. त्रिज्येच्या जागी व्यास घातला असणार. आमच्या वर्गात निम्मी पोरं तीच चूक करायची. म्हणूनच दुप्पट आलंय.

जुना मास्तर (खानापूर)

टिळकवाडीकर, छडी कुठं ठेवलीय शोधावी लागेल. त्रिज्येचा वर्ग होतो. व्यास घातला असता तर चौपट आलं असतं, दुप्पट नव्हे. आणि ताईंनी त्रिज्या १२० स्पष्ट लिहिलीय. आधी वाचा, मग लिहा.

ताई, पोरीचं सूत्र बरोबर, गुणाकारही बरोबर. फक्त सूत्र वृत्तचितीचं, म्हणजे सरळ भिंतीच्या गोल डब्याचं आहे आणि काहील वृत्तचिती नाही. काहिलीच्या भिंती सरळ उभ्या असतात का, बघून सांगा. मी पाहिलेल्या सगळ्या तोंडाला रुंद आणि बुडाला अरुंद. तुम्ही मापलात तोंड आणि धरून चाललात की बूडही तेवढंच.

दुसरं, खोली ४५ ही भांड्याची की रसाची? काठोकाठ भरून कुणी जाळ लावत नाही. उकळी आली की सगळं चुलवाणात जाईल.

तेव्हा दोन मापं घ्या. एक, बुडाचा व्यास. काहील थंड असताना पोरीला आत उतरवा. टेपचं एक टोक कडेला पायानं दाबायचं आणि दुसरं समोरच्या कडेवरून हळूहळू सरकवायचं. सगळ्यात मोठं येईल ते माप व्यास. मध्यबिंदू शोधायची गरज नाही. आडवं-उभं दोनदा घ्या, जुन्या काहिली ठोके खाऊन अंडाकृती झालेल्या असतात. दुसरं, रस कुठपर्यंत होता ते.

विस्तीर्णचं म्हणाल तर गंमत आहे. पृष्ठफळाला कन्नडमध्ये "मेल्मै विस्तीर्ण" म्हणतात. मेल म्हणजे वर, मै म्हणजे अंग. वरच्या अंगाचं क्षेत्रफळ. "पृष्ठफळ" म्हटल्यावर पाठीवर फळ ठेवलेला मुलगा डोळ्यांपुढं येतो, त्यापेक्षा हे मला नेहमी बरं वाटलं. मराठी शाळेत जन्म काढला, तरी कबूल करतो. त्रिज्येचं त्रिज्य होतं, परीघाचा परिधि. पोर आठ दिवसांत शिकेल.

बैलगाडीवाला

२२/७ आणि ३.१४ वरून भांडणाऱ्या दोघांना सांगा, हे भांडण जुनं आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली दोन्ही सोयी करून ठेवल्यात. ढोबळ कामाला २२/७, बारीक कामाला ३९२७/१२५०. भागून बघा, ३.१४१६ येतं. आता भास्कराचार्य आमच्या विजापूरकडचे की चाळीसगावजवळच्या पाटणचे, यावरही दोन राज्यांत वाद आहेच. पायावर एकमत झालं तरी सीमेवर होणार नाही.

माझे आजोबा गाडीच्या चाकाला धाव चढवायचे. चाकाचा घेर मोजून लोखंडी पट्टी मुद्दाम थोडी आखूड कापायची, तापवून फुगवायची, चाकावर बसवून वरून पाणी ओतायचं. आवळून बसायची. त्यांना ना २२/७ ठाऊक ना ३.१४, घेर सुतळीनंच घ्यायचे. तुमच्या पुतणीनं सुतळी धरली ते वाचून बरं वाटलं.

गुऱ्हाळवाली (निपाणी भाग)

मास्तर, मोजून आले. मीच उतरले आत, पोरगी बाहेरून आकडे लिहीत होती. दीर बघून गेले, काही बोलले नाहीत.

बुडाचा व्यास २१०. एका बाजूनं २११ येतंय, पण तिथं पोचा आहे. रस कुठपर्यंत होता ते शोधावं लागलं नाही, भिंतीवर तपकिरी रेघ राहिलीय. बुडापासून सरळ उभं मोजलं तर २८ सेंमी. गुळव्या म्हणाला, त्याच्यावर भरलं तर मळी काढायच्या आधीच उतू जातं.

आता पुढं काय करायचं? रसाच्या रेघेजवळचा व्यास मोजायचा राहिला, आणि काहील पुन्हा चुलीवर चढली.

जुना मास्तर (खानापूर)

मोजायला नको, निघतो. बुडाची त्रिज्या १०५, तोंडाची १२०. म्हणजे ४५ सेंमी चढताना १५ नं वाढली, दर तीन सेंमीला एक. २८ सेंमीवर ९.३ वाढली. रेघेजवळ त्रिज्या ११४.३.

अशा टोक कापलेल्या शंकूचं नेमकं सूत्र महाराष्ट्रात दहावीला "शंकूछेद" म्हणून येतं. आठवीच्या पोरीला त्यात ओढू नका. वरची आणि खालची त्रिज्या मिळवून निम्मी करा, १०९.७ येईल. आता तीच वृत्तचिती समजा, उंची २८. उत्तर १०५८ लिटर. मी दहावीच्या सूत्रानंही करून बघितलं, अर्ध्या-पाऊण लिटरचा फरक पडतो.

तुमचे कॅन १०६०. गडीही खरे, पुस्तकही खरं.

पोरीनं वहीत चुकीचं उत्तर खोडू नये, शेजारी लिहावं. २०३६ (तुमच्या दोन्ही उत्तरांच्या मधलं) वरून १७९२ वर आलो ते उताराच्या भिंतींमुळं, २४४ लिटर तिथं गेले. १७९२ वरून १०५८ वर आलो ते वरची १७ सेंमी जागा रिकामी सोडल्यामुळं. ही दुसरी चूक पहिलीच्या तिप्पट आहे.

आणि त्या दोघांना बोलावून हे दाखवा. शेवटच्या उत्तरात २२/७ घेतलं तर अर्धा लिटर जास्त येतं, ३.१४ घेतलं तर अर्धा लिटर कमी. एक तांब्या सुद्धा नाही. पण रसाची उंची २८ ऐवजी २९ वाचली तर ४१ लिटर वाढतात, दोन कॅन! भांडायचंच असेल तर टेप नीट धरला होता का, यावर भांडा.

टिळकवाडीकर

मास्तर, छडी सापडली का? 🙂 चूक मान्य.

गुऱ्हाळवाली (निपाणी भाग)

पुतणीनं तुमचं वाचून स्वतः पुन्हा मांडलं, आलं १०५८. मग कॅन घेऊन विहिरीवर गेली आणि कॅन खरंच २० लिटरचा आहे का, ते लिटरच्या मापानं भरून बघितलं. गळ्यापर्यंत भरला तर वीसला थोडा जास्तच भरतो म्हणाली. आता दीर वैतागलेत, कारण तिला तीस किलोचा गुळाचा रवा (ढेप) पण मोजायचा आहे. बादलीच्या साच्यातला, म्हणजे पुन्हा खाली अरुंद आणि वर रुंद.

मास्तर, शेवटचं विचारते. शंकूछेदाला कन्नडमध्ये काय म्हणतात? बाईंनी विचारलं तर सांगता यायला हवं.

जुना मास्तर (खानापूर)

शंकुविन भिन्नक. पण तिला म्हणावं, बाईंना आधी "बकेट" सांग. सगळा वर्ग ओळखेल.