अ‍ॅटर्नी जनरलचं मत बंधनकारक नसतं

‘अ‍ॅटर्नी जनरलनी लेखी मत दिलं की खात्यांना ते पाळावंच लागतं’ हे म्हणणं मला पटत नाही. (अ‍ॅटर्नी जनरल म्हणजे सरकारचा मुख्य कायदा अधिकारी.) अमेरिकेतल्या टेक्सस राज्याचंच पाहा. तिथे असं मत ठरावीक पदाधिकारीच मागू शकतात, सामान्य नागरिक नाही. न्यायालयं त्याला वजन देतात, एवढंच. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथले तेव्हाचे अ‍ॅटर्नी जनरल केन पॅक्स्टन यांनी ट्रान्सजेंडर मुलांवरचे काही उपचार बालअत्याचार ठरू शकतात असं मत दिलं आणि गव्हर्नर अ‍ॅबट यांनी त्याच्या आधारे बालसंरक्षण खात्याला चौकशा करायला सांगितलं. मे महिन्यात राज्याच्याच सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं: दोघांनी मत जरूर मांडावं, पण ते पाळायचं कायदेशीर बंधन खात्यावर नाही. तोवर काही कुटुंबांची चौकशी सुरूही झाली होती, याचा मला फार राग येतो.